कामाच्या धबडग्यात मनःशांती

मुंबईहून नाशिककडे जाणारी आगगाडी कसारा स्थानकावर थांबते, तेव्हा नेहमीच्या प्रवाशांना त्याचे कारण ठाऊक असते. पुढे थळघाटाचा खडा चढ आहे. ३७ फुटांमागे १ फूट असा तो चढ गाडीच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला तिच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. घाट चढून गाडी इगतपुरीला पोहोचली की ही इंजिने सोडवली जातात आणि गाडी पुढील प्रवास स्वतःच्या बळावर करते. १८६५ साली हा लोहमार्ग सुरू झाल्यापासून चढाच्या वाटेवर जादा बळाची ही गरज चालत आली आहे.

याच इगतपुरी गावालगतच्या टेकडीवर 'धम्मगिरी' हे विपश्यना साधनेचे केंद्र वसलेले आहे. १९७६ सालापासून येथे दहा दिवसांची शिबिरे भरतात. शेतकरी, व्यापारी, डॉक्टर, गृहिणी, विद्यार्थी यांच्याबरोबरच शासकीय अधिकारी आणि शिक्षकही येथे येत असतात. घाट चढण्यापुरते जादा इंजिन घ्यावे आणि मग आपली गाडी आपण चालवावी, असेच या दहा दिवसांचे स्वरूप आहे. लोकसेवेत असलेल्या माणसाला या साधनेपासून काय घेता येईल आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

ताणाचे ओझे कोणावर?

आधुनिक जीवनाने माणसाला अनेक सोयी दिल्या. त्याचबरोबर त्याची उसंतही हिरावून घेतली. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांच्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावांचे दप्तर असते. पीक पाहणी, फेरफाराच्या नोंदी, अतिवृष्टीचे पंचनामे आणि निवडणुकीची कामे एकाच वेळी उभी राहतात. शिक्षकाला अध्यापनाखेरीज पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे व ऑनलाइन माहिती भरणे ही कामे असतात. सरपंचाला ग्रामसभेत पाणीटंचाईवर उत्तर द्यावे लागते आणि घरपट्टीच्या वसुलीसाठी त्याच ग्रामस्थांच्या दारी जावे लागते. मार्चअखेर आली की खर्चाचा ताळमेळ, लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि वरिष्ठांचे दूरध्वनी यांनी दिवस व्यापून जातो. पूर्वी कार्यालयाचे कुलूप लागले की कामही कुलूपबंद होई. आता ते भ्रमणध्वनीवाटे घरी येते आणि रात्रीच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचते.

या ओझ्याचा शरीरावर होणारा परिणाम शास्त्रज्ञांनी अभ्यासलेला आहे. कॅनडातील माँट्रियल येथे संशोधन करणारे हान्स सेली यांनी १९३६ साली यासंबंधीचा आपला पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला आणि पुढे 'स्ट्रेस' ही संकल्पना वैद्यकशास्त्रात रूढ केली. संकट समोर दिसताच शरीर झुंजीसाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, रक्तातील साखर वाढते, स्नायू ताठरतात व पचन मंदावते. रानात वाघ समोर आला असता ही सज्जता प्राणरक्षक ठरते. परंतु कार्यालयातील वाघ कागदी असतो आणि तो रोज येतो. त्याच्याशी झुंजता येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही. परिणामी शरीराची सज्जता दिवसेंदिवस उतरतच नाही. निद्रानाश, डोकेदुखी, आम्लपित्त, चिडचिड आणि कालांतराने उच्च रक्तदाब अशा तक्रारी त्यातून संभवतात.

लोकसेवकाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या प्रकृतीपुरता राहत नाही. निराधार योजनेच्या अर्जाचे काय झाले हे विचारण्यासाठी एखादी वृद्ध स्त्री एस.टी.चे भाडे खर्चून तिसऱ्यांदा कार्यालयात येते. त्याच क्षणी टेबलामागील माणसाने वरिष्ठांचे बोलणे ऐकून नुकताच दूरध्वनी खाली ठेवलेला असतो. वरिष्ठांना जे बोलता आले नाही, ते या वृद्धेला ऐकावे लागते. तिचा त्या प्रसंगाशी काहीही संबंध नसतो. पण तिच्या दृष्टीने शासन म्हणजे तोच माणूस, आणि शासनाचे बोलणे म्हणजे त्याचे ते तिखट वाक्य. वर्गातील लहान मुलाच्या बाबतीतही हेच घडते. म्हणून लोकसेवकाची मनःशांती ही त्याची खाजगी चैन मानता येणार नाही. ती त्याच्या कामाच्या साधनांपैकी एक साधन होय.

एका महालेखापालाची कथा

विपश्यनेची जी परंपरा इगतपुरीला पोहोचली, तिचा मागोवा घेतला असता ब्रह्मदेशातील एका शासकीय लेखा कार्यालयापाशी येऊन थांबावे लागते. सयाजी ऊ बा खिन यांचा जन्म १८९९ साली रंगून (आजचे यांगून) येथे झाला. महालेखापालांच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून त्यांनी नोकरीस प्रारंभ केला आणि परीक्षा देत, पायरी-पायरीने ते वर चढले. १९३७ साली त्यांनी साधनेचे धडे घेतले, ते रंगूनजवळच्या एका खेड्यातील सया तेजी या शेतकऱ्याकडून. भात पिकविणारा हा गृहस्थ आसपासच्या परिसरात साधनेचा आचार्य म्हणून मान्यता पावला होता. कार्यालयातील पदाचा किंवा गुरूच्या व्यवसायाचा विचार या शिकण्याच्या आड आला नाही.

१९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन त्या देशाचे महालेखापाल झाले. नव्या राष्ट्राची घडी बसावयाची होती, युद्धाने देश पोळलेला होता आणि राजकीय अस्थैर्य होते. अशा काळात राष्ट्राच्या हिशेबाची जबाबदारी सांभाळत असतानाच त्यांनी आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना साधना शिकविण्यास सुरुवात केली. १९५२ साली रंगून येथे त्यांनी आंतरराष्ट्रीय साधना केंद्र स्थापन केले. निवृत्तीचे वय झाल्यानंतरही शासनाने त्यांना विविध पदांवर कायम ठेवले. काही काळ तर एकाच वेळी तीन-तीन खात्यांची धुरा त्यांच्यावर होती. १९६७ साली ते शासकीय सेवेतून मुक्त झाले आणि १९७१ साली त्यांचे निधन झाले. कार्यक्षमता आणि निःस्पृहता यांबद्दल त्यांची ख्याती होती.

त्यांच्या जीवनातून निघणारा बोध सरळ आहे. साधना आणि कामकाज यांत विरोध असतो, मनःशांती हवी तर नोकरी सोडून हिमालयात जावे लागते, या रूढ समजुतीला त्यांचे चरित्र छेद देते. शांत मनाने काम अधिक होते आणि अधिक नीट होते, असा त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

मराठी वाचकाला या ठिकाणी संत एकनाथांची आख्यायिका आठवल्यावाचून राहणार नाही. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू. तेही राजकारभारातीलच गृहस्थ. हिशेबातील एका क्षुल्लक रकमेची चूक शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर वह्या चाळीत बसले आणि ती सापडताच त्यांना आनंद झाला. ते पाहून, हीच एकाग्रता आत्मचिंतनाकडे वळविली तर काय होईल, असे गुरूंनी त्यांना सुचविले, अशी ही कथा परंपरेने सांगितली जाते. जमाखर्चाची वही आणि आत्मचिंतन यांची सांगड आपल्या मातीलाही अपरिचित नाही, हे त्यावरून दिसून येते.

ब्रह्मदेशातून इगतपुरीस

ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली मंडाले येथे, ब्रह्मदेशात स्थायिक झालेल्या मारवाडी कुटुंबात झाला. उद्योग-व्यापारात त्यांनी लहान वयातच मोठे यश मिळविले आणि त्याबरोबरच असह्य अर्धशिशीचा विकारही त्यांना जडला. परदेशांतील नामांकित डॉक्टरांचे उपचार करूनही गुण आला नाही. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असे गुरूंनी त्यांना बजावले. मनाची शुद्धी हा हेतू असावा. शरीराला आराम मिळाला तर तो आनुषंगिक लाभ समजावा, अशी त्यांची भूमिका होती. गोएंका यांनी ती स्वीकारली आणि चौदा वर्षे गुरूंच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला.

१९६९ साली ते भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. पुढील काही वर्षे धर्मशाळा, शाळा, मंगल कार्यालये अशा मिळेल त्या जागी शिबिरे भरत असत. १९७६ साली इगतपुरीचे केंद्र सुरू झाले आणि १९८५ साली तेथेच विपश्यना विशोधन विन्यास ही संशोधन संस्था स्थापन करण्यात आली. २०१२ साली भारत सरकारने गोएंका यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. २०१३ साली त्यांचे निधन झाले. आज या परंपरेची केंद्रे देशात आणि परदेशांत अनेक ठिकाणी कार्यरत आहेत.

साधनेसाठी या परिसराची निवड व्हावी, हा एक सुखद योगायोग म्हणावा लागेल. इगतपुरीहून नाशिक फार दूर नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या लेखात ३००० कार्षापणांच्या कायम ठेवीची नोंद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने ठेवले होते आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. २००० कार्षापणांचे वार्षिक व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंचा खर्चही २४०च होतो. हिशेब चोख जुळतो. ध्यानाची ही स्थाने जगापासून तुटलेली नव्हती. ती व्यापारी मार्गांच्या जवळ, बाजारपेठांच्या आधाराने आणि कष्टकऱ्यांच्या साहाय्याने उभी होती.

दहा दिवसांचा दिनक्रम

शिबिराचे नियम कडक आहेत. पहाटे ४ वाजता घंटा होते आणि रात्री साडेनऊ वाजता दिवे मालवले जातात. मधल्या वेळेत सकाळची न्याहारी, ११ वाजता साधे शाकाहारी भोजन, सायंकाळी ५ वाजता चहा व फलाहार, सायंकाळचे प्रवचन आणि थोडी विश्रांती वगळता दहा तासांहून अधिक काळ ध्यानासाठी राखलेला असतो. हिंसा, चोरी, असत्य व मादक पदार्थ यांचा त्याग आणि ब्रह्मचर्य, ही पाच शीले शिबिरकाळात पाळावी लागतात. भ्रमणध्वनी, पुस्तके, वर्तमानपत्रे, लेखनसाहित्य यांपैकी काहीही जवळ ठेवता येत नाही. दहाव्या दिवसापर्यंत साधकांनी परस्परांशी बोलावयाचे नसते. खाणाखुणांनाही मनाई असते. अडचण आल्यास आचार्यांशी किंवा व्यवस्थापकांशी बोलता येते.

शिबिरासाठी शुल्क आकारले जात नाही. निवास व भोजनाचा खर्चही घेतला जात नाही. ज्यांनी किमान एक शिबिर पूर्ण केले आहे, अशांकडूनच स्वेच्छेने दिलेले दान स्वीकारले जाते. आज शिबिरात बसलेल्या साधकाचे भोजन काल येऊन गेलेल्या कोणा अनोळखी साधकाने दिलेले असते.

पद्धतीचे मर्म

पहिले तीन दिवस 'आनापान' शिकविले जाते. सहज येणारा आणि जाणारा श्वास नाकपुड्यांपाशी जाणत राहणे, एवढेच त्यात करावयाचे असते. हा प्राणायाम नव्हे. श्वास लांबविणे किंवा रोखून धरणे येथे अपेक्षित नसते, तो जसा आहे तसा पाहावयाचा असतो. कोणतेही नाम अथवा मूर्ती यांचे अवलंबन नसते. सांगावयास सोपी वाटणारी ही गोष्ट करावयास बसले की मन किती पळते याचा प्रत्यय येतो. दोन श्वास पाहून होतात न होतात तोच मन प्रलंबित प्रकरणांपाशी किंवा मुलीच्या लग्नाच्या खर्चापाशी पोहोचलेले असते. ते ध्यानात आले की न चिडता त्यास पुन्हा श्वासावर आणावयाचे, हाच अभ्यास होय.

चौथ्या दिवसापासून विपश्यना सुरू होते. विपश्यना म्हणजे विशेष रीतीने, जसे आहे तसे पाहणे. डोक्यापासून पायापर्यंत शरीरातील संवेदना क्रमाक्रमाने पाहावयाच्या. कोठे उष्णता, कोठे जडपणा, कोठे मुंग्या, कोठे वेदना जाणवते. सुखद संवेदनेला धरून ठेवावयाचे नाही आणि दुःखद संवेदनेला झिडकारावयाचे नाही. प्रत्येक संवेदना उत्पन्न होते आणि नष्ट होते, हे अनुभवाने जाणावयाचे.

याचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. टेबलापलीकडील माणूस आवाज चढवून बोलू लागतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वीच त्याच्या छातीत धडधड होते, कान तापतात, श्वास उथळ होतो. सामान्यतः त्यास याची जाणीव नसते. तो एकदम बोलून जातो आणि मागाहून पश्चात्ताप करतो. ज्याला शरीरातील हे बदल ओळखण्याची सवय झाली आहे, त्याला संवेदना आणि प्रतिक्रिया यांच्यामध्ये एक-दोन श्वासांची फट मिळते. त्या फटीत तो ठरवू शकतो की हे बोलावयाचे की नाही. विपश्यनेचे व्यावहारिक मोल या फटीत आहे. राग येणे थांबत नाही; रागाने आपल्याला ओढून नेणे मात्र कमी होते.

कारागृह ते शाळा

ही पद्धत कठीण परिस्थितीतील माणसांच्या उपयोगी पडते का, हे पाहण्याचे प्रयोगही झाले. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांसाठी शिबिर घेण्यात आले. दिल्लीच्या तिहार कारागृहात, किरण बेदी कारागृह महानिरीक्षक असताना, शिबिरे सुरू झाली आणि १९९४ साली सुमारे एक हजार कैद्यांचे मोठे शिबिर तेथे भरले. पुढे अन्य राज्यांतील कारागृहांतही हा उपक्रम पोहोचला.

महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने 'मित्र उपक्रम' या नावाने आनापानाचा अभ्यास शाळांपर्यंत नेण्याचे पाऊल २०१२ साली उचलले. विद्यार्थ्यांनी दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे, अशी त्याची साधी कल्पना आहे. मात्र येथे शिक्षकाची भूमिका निर्णायक ठरते. स्वतः न बसता 'डोळे मिटा, गप्प बसा' असे फर्मावणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात ही दहा मिनिटे शिक्षेसारखी होतील. मुलांबरोबर डोळे मिटून बसणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात तीच मिनिटे विश्रांतीची होतील.

शासकीय अधिकाऱ्यांना विपश्यना शिबिरास जाता यावे यासाठी राज्य शासनाने रजेची तरतूद केलेली आहे. तिच्या अटी व अर्जाची रीत आस्थापना शाखेकडून समजून घेणे इष्ट होय.

मर्यादांचे भान

कोणत्याही उपायाबद्दल अतिरिक्त अपेक्षा बाळगणे हिताचे नसते. पहिली गोष्ट अशी की, ध्यान हे वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी, झोप पूर्ण उडणे, जगणे नकोसे वाटणे, भास होणे अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांचा सल्ला विनाविलंब घेतला पाहिजे. गंभीर मनोविकार असणाऱ्यांना दहा दिवसांचे कडक मौन त्रासदायक ठरू शकते. म्हणूनच प्रवेश-अर्जातच मानसिक आरोग्याविषयी माहिती विचारली जाते आणि ती लपवू नये हे उत्तम. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मनःशांतीच्या नावाखाली व्यवस्थेतील उणिवा झाकता कामा नयेत. जेथे तीन माणसांचे काम एकाला करावे लागते, तेथे रिक्त जागा भरणे हाच खरा उपाय होय. जो वरिष्ठ रात्री अकरा वाजता माहिती मागवितो, त्याने आपल्या सहकाऱ्यांना ध्यानाचा उपदेश करण्याआधी आपली सवय बदलली पाहिजे. शांती म्हणजे निष्क्रियता नव्हे आणि अन्याय मुकाट्याने सोसणे तर मुळीच नव्हे. ऊ बा खिन यांनीही आपल्या कार्यालयात साधना आणली, ती कामात ढिलाई येण्यासाठी नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे मार्ग एकच असतो असे नाही. सायंकाळी देवळाच्या ओसरीवर टाळ-मृदंगाच्या साथीने हरिपाठ म्हणणारे मंडळ, आषाढीची पायी वारी, नमाज, चर्चमधील प्रार्थना, पहाटेचा फेरफटका किंवा शेताच्या बांधावर घालविलेला निवांत तास यांतूनही अनेकांना मनाचे स्थैर्य लाभत आले आहे. माणसाला स्वतःशी थोडा वेळ बसता आले पाहिजे आणि त्यात सातत्य असले पाहिजे, हे या सर्वांतील समान सूत्र होय.

घाट चढल्यानंतर

शिबिराहून परतलेल्या साधकांनी सकाळ-सायंकाळ एकेक तास बसावे, असे सांगितले जाते. संसार आणि नोकरी सांभाळून हे सर्वांना साधतेच असे नाही आणि पुष्कळांचा अभ्यास पहिल्या काही आठवड्यांतच सुटतो. ज्यांचा टिकतो, ते बहुधा वेळ ठरवून घेतात आणि तो इतर कामांसारखाच पाळतात. ज्यांना दहा दिवस काढणे शक्य नाही, त्यांनाही काही साध्या सवयी लावून घेता येतील. कार्यालयात खुर्चीवर बसताच संगणक सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. तापलेल्या दूरध्वनीनंतर पुढील अभ्यागताला बोलावण्यापूर्वी दोन-तीन श्वास सावकाश जाऊ द्यावेत. ग्रामसभेत बोलणे वाढले की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबावे. यास खर्च नाही, मंजुरी नाही, प्रस्तावही नाही.

इगतपुरीला जादा इंजिन सुटते आणि गाडी पुढे निघते. पुढच्या मार्गावरही स्थानके असतात, गर्दी असते, उशीर होतो. तो प्रवास गाडीला स्वतःच करावा लागतो. मनःशांतीचेही असेच आहे. तिची कसोटी टेकडीवरील मौनात लागत नाही. ती लागते सोमवारी सकाळी, कार्यालयाच्या दारात, तिसऱ्यांदा आलेल्या त्या वृद्धेच्या समोर. तिला बसावयास खुर्ची मिळाली, तिचे बोलणे पुरते ऐकले गेले आणि तिच्या अर्जाची खरी स्थिती तिला समजेल अशा शब्दांत सांगितली गेली, तर तेथे मनःशांती फळास आली असे खुशाल समजावे.